कुत्र्याचं अर्धं तिकीट

(शाळेच्या माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या संयोजकांनी बोलणाऱ्या प्रत्येकाला एकच अट घातली होती. नोकरीबद्दल बोलायचं नाही, पगार, पदव्या, पुरस्कार काही सांगायचं नाही. ज्यातून इतरांना काही नवं कळेल असं पंधरा मिनिटं बोला, म्हणाले. संगणक बाजूला ठेवल्यावर माझ्याकडे सांगण्यासारखं एकच उरलं, ते म्हणजे आमचं कुत्रं. तेव्हा आजचा माझा विषय आहे ‘व्हिएन्ना शहरात कुत्रा घेऊन कसं हिंडावं’. हसू नका. या विषयात माझा सहा वर्षांचा अनुभव आहे, रोज दोन वेळा, पाऊस असो वा बर्फ.

आमच्या कुत्रीचं नाव चिंधी. जात विचाराल तर गावठी. पुण्यात सोसायटीच्या फाटकाशी भर पावसात सापडली, तेव्हा अंगावर केसांपेक्षा चिखल जास्त होता, म्हणून हे नाव. २०१९ मध्ये आम्ही व्हिएन्नाला राहायला निघालो तेव्हा तिचं काय करायचं हा प्रश्न आला. घरातल्या लेकीनं तो एका वाक्यात सोडवला, “ती येणार नसेल तर मीही येत नाही.”

भारतातून युरोपीय संघात कुत्रं न्यायचं तर माणसाच्या व्हिसापेक्षा जास्त वेळ लागतो. आधी कातडीखाली तांदळाच्या दाण्याएवढी चिप. मग रेबीजची लस. लसीनंतर निदान तीस दिवसांनी रक्त काढायचं, ते मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठवायचं, त्यात प्रतिपिंडांचं प्रमाण ०.५ किंवा त्याहून जास्त भरायला हवं. तेही जमलं तरी रक्त काढल्या दिवसापासून तीन महिने थांबायचं. एवढं सगळं का, असं मी तेव्हा वैतागून म्हणायची. तिथे गेल्यावर कारण कळलं. ऑस्ट्रिया २००८ पासून रेबीजमुक्त देश आहे. तिथे हा रोग मुख्यतः जंगलातल्या कोल्ह्यांमध्ये होता. त्यांनी वर्षानुवर्षं लस भरलेली आमिषं रानात टाकली, विमानातूनसुद्धा टाकली, आणि कोल्ह्यांना खाऊ घालून रोग संपवला. उलट जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगातल्या रेबीजच्या मृत्यूंपैकी ३६ टक्के एकट्या भारतात होतात. आपल्या पिढीला हे आकड्यांत सांगायची गरज नाही. ‘पोटात चौदा इंजेक्शनं’ हे शब्द नुसते कानावर पडले की मधल्या सुट्टीतली पळापळ थांबायची. ती जुनी लस आपल्या देशात २००४ च्या अखेरीस बंद झाली, पण ती भीती अजून आपल्या पोटात आहे. माझ्या बोलण्यात पुढे या भीतीचा पुन्हा संबंध येणार आहे.

पहिल्या आठवड्यातच भाषेनं आमची गंमत केली. जर्मनमध्ये कुत्र्याला ‘हुंड’ म्हणतात, अनेकवचन ‘हुंडे’. बागेच्या दारावर पाटी, ‘हुंडे’ यांना बंदी. पालिकेच्या अर्जावर रकाना, ‘हुंडे’ किती आहेत? माझ्या सासूबाई पहिल्यांदा आल्या तेव्हा कौतुकानं म्हणाल्या, “बघ, इथे सगळीकडे हुंड्याविरुद्ध लिहून ठेवलंय!” आपल्याकडे हुंडा घेणं गुन्हा आहे. तिथे हुंड पाळायचा तर कर भरावा लागतो. आम्ही गेलो तेव्हा पहिल्या कुत्र्याला वर्षाला ७२ युरो होता आणि दुसऱ्यापासून पुढे प्रत्येकी १०५. शिवाय कुत्र्याच्या नावानं तृतीय पक्षाचा विमा सक्तीचा, तोही निदान सव्वासात लाख युरोंचा. माझा स्वतःचा विमा तेवढ्याचा नाही.

आता प्रत्यक्ष हिंडण्याकडे येते. माझा धंदा नियम लिहिण्याचा. ‘असं असेल तर हे कर, नसेल तर ते कर’ अशा ओळी मी आयुष्यभर लिहिल्या. व्हिएन्नाचे कुत्र्यांचे नियम वाचताना मला घरी आल्यासारखं वाटलं. रस्त्यावर, जिन्यात, चौकात कुत्र्याच्या गळ्यात दोरी हवी किंवा तोंडाला मुसकं, दोन्हींपैकी एक. बागेत दोरी. मेट्रो, ट्राम, बस यांत दोरी आणि मुसकं दोन्ही. कुत्र्यांसाठी राखलेल्या कुंपणातल्या मैदानात दोन्ही नकोत, मोकळं सोडा. मुलांच्या खेळाच्या जागेत कुत्र्याला प्रवेशच नाही. धोकादायक ठरवलेल्या ठरावीक जातींना वेगळे, कडक नियम. सगळं मिळून अर्ध्या पानात बसतं.

मुसकं म्हणजे काय ते शेतकऱ्यांच्या घरच्यांना सांगायला नको. मळणीला बैलानं कणसं खाऊ नयेत म्हणून बांधतात ते. तिथे ते जाळीचं किंवा पट्ट्यांचं मिळतं, आणि असं घ्यावं लागतं की कुत्र्याला आत तोंड उघडून धापा टाकता येतील, पाणी पिता येईल. चिंधीनं पहिले पंधरा दिवस ते मुसकं दाराच्या पायपुसण्यावर घासून काढायचा प्रयत्न केला. मग आम्ही त्याच्या आत लोणी लावायला लागलो. महिन्याभरानं मुसकं हातात घेतलं की ती स्वतःच नाक घालायची, कारण मुसकं म्हणजे ट्राम आणि ट्राम म्हणजे नदीकाठ, एवढं गणित तिला कळलं होतं.

ट्राममध्ये कुत्र्याला तिकीट लागतं, अर्ध्या दराचं. शाळकरी पोरांना जे लागतं तेच. पिशवीत मावणारं लहान कुत्रं फुकट, अंध व्यक्तीच्या सोबतीचं कुत्रंही फुकट. चिंधी ना पिशवीत मावणारी, ना कुणाच्या कामाची, म्हणून तिचं अर्धं तिकीट. मला त्या तिकिटाचं फार अप्रूप होतं. कुणी दयाबुद्धीनं चढू दिलं नव्हतं. पैसे भरले होते, ती रीतसर प्रवासी होती. चालकाचा मूड, शेजारच्याचा स्वभाव, कशावरच काही अवलंबून नव्हतं.

जुन्या शहरात कुत्र्यासोबत चालताना आणखी काही गोष्टी सांभाळाव्या लागतात. जिथे पूर्वी तटबंदी होती तिथे आता रिंगस्ट्रास नावाचा गोल हमरस्ता आहे. १८५७ मध्ये बादशहानं तट पाडायचा हुकूम काढला आणि १८६५ मध्ये रस्ता खुला झाला. त्याच्या आतलं शहर म्हणजे फरसबंदी आणि अरुंद बोळ. हिवाळ्यात त्या दगडांवर मीठ आणि बारीक खडी टाकतात, ती पंजाच्या बोटांत अडकते. घरी आलं की आधी कोमट पाण्यानं पाय धुवायचे, अगदी आपल्या आजीच्या नियमाप्रमाणे. उन्हाळ्यात डांबर तापतं, तेव्हा आपला तळहात दगडावर पाच सेकंद टेकवून बघायचा. मेट्रोत सरकत्या जिन्यावर कुत्र्याला न्यायचं नाही, नखं अडकतात, लिफ्ट शोधायची. स्टेफान्सप्लाट्झला चर्चसमोर घोडागाड्या उभ्या असतात, त्या घोड्यांचा वास आला की आमची पुणेकरीण रस्त्यातच बसकण मारायची. पाण्याची मात्र चैन. शहराला १८७३ पासून डोंगरातल्या झऱ्यांचं पाणी येतं, जागोजागी पिण्याचे नळ आहेत, वाटी भरली की झालं.

कॉफीच्या दुकानांत बहुतेक ठिकाणी कुत्र्याला येऊ देतात, पण ते मालकाच्या मर्जीवर. एकदा बसलात की वेटर तुमच्या आधी कुत्र्यासाठी पाणी आणतो. संग्रहालयात आणि चर्चमध्ये नाही. वाणसामानाच्या दुकानातही नाही. दारावर कुत्र्याचं चित्र आणि खाली त्याच्याच तोंडी वाक्य असतं, ‘आम्हाला बाहेर थांबावं लागतं’. बांधायला भिंतीत हूकही असतो. नकार देतानासुद्धा सोय केलेली, हे मला तिथे वारंवार दिसलं.

आमची रविवारची जागा प्राटर. आज तिथे चार किलोमीटरहून लांब, दोन्ही बाजूंना झाडं असलेला रस्ता आहे आणि पलीकडे कुरणं. पूर्वी हे राजघराण्याचं शिकारीचं रान होतं. १७६६ मध्ये दुसऱ्या जोसेफनं ते सर्वांसाठी उघडलं. म्हणजे त्याआधी तिथे शिकारी कुत्र्यांना प्रवेश होता, सामान्य माणसाला नव्हता!

याच प्राटरमधली एक गोष्ट मला फार आवडते. मानसशास्त्रज्ञ सिग्मंड फ्रॉइड १८९१ ते १९३८ पर्यंत व्हिएन्नात बेर्गगासे १९ या पत्त्यावर राहायचे. त्यांची मुलगी ॲना हिचा वोल्फ नावाचा मोठा अल्सेशियन कुत्रा होता. एकदा प्राटरमध्ये फिरताना तो कशाला तरी बिचकून पळाला आणि हरवला. घरचे हताश होऊन परतले, तर काही वेळानं वोल्फ टॅक्सीतून घरी हजर. तो स्वतःहून एका टॅक्सीत चढून बसला होता, आणि चालकानं गळ्यातल्या बिल्ल्यावरचा पत्ता वाचून त्याला पोचवलं होतं. फ्रॉइडच्या मुलानं ही आठवण लिहून ठेवली आहे. यात कुत्र्याच्या हुशारीचं सगळे कौतुक करतात. मला मात्र त्या बिल्ल्याचं कौतुक वाटतं. पत्ता होता म्हणून टॅक्सीवाल्याचा चांगुलपणा उपयोगी पडला. आज बिल्ल्याच्या जागी चिप आणि तिची नोंद आहे, दोन्ही सक्तीची.

आता मुख्य मुद्द्याकडे येते. आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एक सीरियातून आलेलं कुटुंब राहायचं. त्यातल्या वडिलांना कुत्र्याची भयंकर भीती. का, ते आम्ही कधी विचारलं नाही. पहिल्या भेटीत चिंधी लिफ्टमधून बाहेर आली आणि ते भिंतीला चिकटले, चेहरा पांढराफटक. कुत्र्याचे मालक अशा वेळी जे बोलतात ते एक वाक्य जगभर सारखं असतं, “काही करत नाही हो ती!” ते वाक्य माझ्या ओठांवर आलं होतं. पण तिथल्या नव्या नियमाप्रमाणे मी नुकताच चार तासांचा एक वर्ग पूर्ण केला होता. जुलै २०१९ पासून नव्यानं कुत्रा पाळणाऱ्या प्रत्येकाला तो सक्तीचा आहे. त्यात शिकवणाऱ्या बाईंनी फळ्यावर हेच वाक्य लिहून त्यावर फुली मारली होती. म्हणाल्या, “तुमचं कुत्रं काय करतं हे तुम्हाला माहीत आहे, समोरच्याला माहीत नाही. आणि ते माहीत करून घेणं ही त्याची जबाबदारी नाही.”

मग आम्ही दोघांनी ठरवून टाकलं. लिफ्टमध्ये आधी ते, मग आम्ही. जिन्यात भेट झाली तर मी चिंधीला भिंतीकडे घेऊन दोरी आखडती धरायची, ते जाईपर्यंत थांबायचं. सहा वर्षं हे चाललं. ईदला त्यांच्याकडून खजुराची बिस्किटं यायची, दिवाळीला आमच्याकडून चकल्या जायच्या. तुम्हाला वाटेल, आता मी सांगणार की हळूहळू त्यांची भीती गेली आणि ते चिंधीला कुरवाळू लागले. तसं काही झालं नाही. शेवटच्या दिवशीसुद्धा ते निरोप द्यायला आले तेव्हा चिंधी आतल्या खोलीत होती. त्यांची भीती गेली नाही, आणि जायची गरजही नव्हती. भीती असूनही ते त्या घरात सुखानं राहिले, आणि कुत्रं असूनही आम्ही राहिलो.

मला वाटतं, त्या शहराचं सगळं गणित यात आहे. आपल्याला वाटतं की तिथली माणसं कुत्र्यांवर फार प्रेम करतात म्हणून कुत्र्यांची सोय आहे. प्रेमात आपण कुठे कमी आहोत? आपल्या दत्तगुरूंच्या पायाशी चार कुत्री आहेत, खंडोबाजवळ कुत्रं आहे, कोरडी पोळी घेऊन पळणाऱ्या कुत्र्यामागे नामदेव महाराज तुपाची वाटी घेऊन धावले. व्हिएन्नातली माणसं तूप घेऊन धावत नाहीत, ती पिशवी घेऊन मागे चालतात. पालिकेनं जागोजागी पिशव्यांच्या पेट्या लावल्या आहेत, त्यावर ‘साकर्ल फ्यूर्स गाकर्ल’ अशी यमक जुळवलेली घोषणा, म्हणजे ‘शीसाठी पिशवी’. न उचलणाऱ्याला ५० युरो दंड. ज्याला कुत्रा आवडत नाही त्याचा पाय घाणीत पडत नाही, ज्याला भीती वाटते त्याला ट्राममध्ये मुसकं दिसतं, ज्याचं मूल लहान आहे त्याला ठाऊक असतं की घसरगुंडीजवळ कुत्रं येणार नाही. त्या लोकांची काळजी आधी घेतलेली आहे, म्हणून त्यांनी कुत्र्याला ट्राममध्ये जागा दिली. चिंधीचं अर्धं तिकीट मी भरायची खरं, पण उरलेलं अर्धं ते घाबरणारे लोक भरत होते.

हे सगळं आपोआप झालेलं नाही, आणि फुकटही नाही. आम्ही जाण्याच्या आदल्या वर्षी, सप्टेंबर २०१८ मध्ये, व्हिएन्नात एका रॉटवायलर कुत्र्यानं आजीआजोबांसोबत चाललेल्या दीड वर्षाच्या बाळावर हल्ला केला. कुत्र्याची मालकीण दारू प्यायलेली होती. बाळ काही दिवसांनी गेलं. शहर हादरलं, आपल्याकडे होतात तसेच तिथेही दोन तट पडले. पण त्यानंतर जो कायदा कडक झाला, त्याचा रोख बराचसा दोरी धरणाऱ्या हाताकडे होता. धोकादायक ठरवलेल्या जातीचा कुत्रा घेऊन बाहेर पडणाऱ्यानं किती दारू प्यायलेली चालेल याची मर्यादा कायद्यात आली, आणि गाडी चालवणाऱ्याला तिथे जी मर्यादा असते तीच घातली गेली. मी बसले तो चार तासांचा वर्गही त्याच वेळच्या बदलांतला. एका बाळाचा जीव गेल्यावर लिहिलेले नियम आहेत ते. त्यामुळे रोज मुसकं चढवताना मला कधी कटकट वाटली नाही.

आता दुसरी बाजूही सांगते, नाहीतर परदेशातून आलेली बाई तिथलं गुणगान गाते असं व्हायचं. व्हिएन्नात रस्त्यावरचं कुत्रं नाही. एकही नाही. प्रत्येक कुत्र्याला मालक हवा, अर्जात तसा रकानाच आहे. पण आपल्याकडे कुत्र्यांचा एक प्रकार आहे जो त्या अर्जात बसत नाही, तो म्हणजे गल्लीचा कुत्रा. तो कुणाचाच नसतो आणि सगळ्यांचा असतो. पहिल्या घरी पोळी, तिसऱ्या घरी भात, दुपारी टपरीखाली झोप, रात्री राखण. चिंधी जन्मानं तशीच. तिला तिथे सगळं मिळालं, फक्त मनात येईल तेव्हा उठून कोपऱ्यापर्यंत एकटीनं जाऊन यायचं, ते गेलं. कधी कधी ती खिडकीत बसून रिकाम्या रस्त्याकडे तासभर बघायची. तिला काय वाटत होतं ते मला सांगता येणार नाही. मला मात्र पुण्याची गल्ली आठवायची.

म्हणून व्हिएन्ना जशीच्या तशी इथे आणा असं मी म्हणत नाही, ते होणारही नाही. आपल्या देशाचे २०२३ चे नियम नसबंदी करा, लस टोचा आणि कुत्र्याला त्याच्याच भागात परत सोडा असं सांगतात, खाऊ घालायची जागा ठरवून द्या असंही सांगतात. ते कितपत पाळले जातात हे आपापल्या गल्लीत बघून प्रत्येकानं ठरवावं. पण आज या सभागृहात नगरसेवक झालेले दोघे आहेत, चार डॉक्टर आहेत, सोसायट्यांच्या अध्यक्ष-चिटणीसपदाची हौस तर निम्म्या वर्गाला आहे. आपल्याकडे या विषयावर बैठक बसली की पहिल्या पाच मिनिटांत श्वानप्रेमी आणि श्वानद्वेष्टे असे दोन गट होतात. पुढच्या बैठकीला तिसरी खुर्ची मांडा, घाबरणाऱ्या माणसाची. पहाटे दूध टाकणारा पोरगा, रात्रपाळीहून येणारी नर्स, शाळेत चालत जाणारं मूल. त्यांना आधी विचारा की वाटेत कुठे भीती वाटते. मग खाऊ घालायची जागा कुठे, लसीकरणाचा दिवस कुठला, पिशव्या कुणी ठेवायच्या, हे ठरायला फार वेळ लागत नाही. आमच्या पुण्याच्या सोसायटीत गेल्या वर्षी एवढंच केलं. गल्लीतल्या सातही कुत्र्यांना लस झाली, खाऊ घालायची जागा फाटकापासून मागच्या भिंतीकडे गेली. भांडणं संपली नाहीत, पण ती आता वेळ आणि जागा यांवरून होतात, कुत्र्याला मारा की वाचवा यावरून होत नाहीत.

बाई, तुम्ही आम्हाला इतिहासाबरोबर नागरिकशास्त्र शिकवायचात. त्या छोट्याशा पुस्तकाला आम्ही परीक्षेच्या आदल्या रात्रीशिवाय हात लावला नाही हे तुम्हाला ठाऊक आहे. त्याचं प्रात्यक्षिक पुढे मला एका गावठी कुत्रीनं ट्रामच्या दारात उभं राहून करून दिलं.

चिंधी आता नऊ वर्षांची आहे, पुण्यात मजेत आहे, आणि दुपारी पुन्हा टपरीपर्यंत एकटी जाऊन येते. तिला आज इथे आणावं असं फार मनात होतं. पण सभागृहाच्या दारावर ‘प्राण्यांना प्रवेश नाही’ अशी पाटी आहे, आणि एवढं सगळं बोलायचं ठरवल्यावर मी ती मोडणं बरं दिसलं नसतं. तिचे फोटो मोबाइलमध्ये आहेत. चहाच्या वेळी ज्यांना बघायचे असतील त्यांनी या, ज्यांना भीती वाटते त्यांनी खुशाल लांबून चहा घ्या.